वर जाणारा बाण

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. एकटी असतानासुद्धा नाही — दुसरं कुणी ऐकेल म्हणून नव्हे, माझं मलाच ऐकू येईल म्हणून. आज तुला सांगते. मध्ये अडले तर अडू दे. मला सरळ सांगायची सवय नाही.

आधी गावाचं सांगते. आमचं गाव धरणात गेलं. पाणी चढलं तेव्हा मी इथं दिल्लीत, कॅन्टोन्मेंटात. आमचे हे हवालदार होते. शेवटचं गाव काही मी पाहिलं नाही. मग हे गेले. पेन्शन पुरेना, पोळ्या लाटल्या, डबे दिले. ते दिवस गेले, त्याचं आता काय सांगायचं. पुढं राजेंद्रनगरात एका घराचे दोन मजले भाड्यानं घेतले. खाली मी, वर महाराष्ट्रातून कलेक्टरकीच्या परीक्षेला आलेल्या पोरी. त्यांना जेवण, खोली आणि वायफाय.

गावात एक जण लग्नाचं शूटिंग करायचा. त्याच्या कॅसेटी माझ्या पुतण्यानं कॉम्प्युटरात घेतल्या. लग्नं, जत्रा, बोअरला पाणी लागलं तो दिवस. पण गाव तर फुटलेलं — कुणी सुरतेला, कुणी भिवंडीत, कुणी पुनर्वसनाच्या माळावर. द्यायचं कसं सगळ्यांना? उघड्या इंटरनेटवर टाकायचं नाही, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. लग्नात बायका नाचलेल्या, पदर पडलेले. गावाचं गावात राहू दे, म्हणाले. गाव नव्हतं तरी म्हणाले.

म्हणून पुतण्यानं एक प्रोग्राम लावला. एकाकडून दुसऱ्यानं ओढायचं, दुसऱ्याकडून तिसऱ्यानं — शेजारणीकडून विस्तव न्यावा तसं. सगळं अख्खं होतं ते फक्त माझ्याकडे, एका जुन्या कॉम्प्युटरात. कारण भावकीत न थांबणारं नेट माझ्याच घरी. पोरींसाठी घेतलेलं.

"काकी, हे बंद करायचं नाही बरं का," पुतण्या म्हणाला. "तुझं बंद झालं की सगळ्यांचं अर्ध्यावर राहील."

मी त्याच्यावर लुगड्याचा तुकडा पांघरला आणि माझ्या खाटेशी ठेवला.

त्यात दोन बाण दिसायचे. एक खाली येणारा, एक वर जाणारा. माझा वरचा, हिरवा, सारखा लुकलुकायचा. तो हलला की समजायचं, कुणीतरी गाव घेऊन चाललंय. थंडीत दुपारी धुकं खिडकीला टेकलेलं असायचं, मी खाटेवर पडून बघायची. पडद्यावर कुणाचंतरी लग्न, रंग उडालेले, माणसं पाण्यातून चालल्यासारखी हळू. वाटायचं, धरणाच्या तळाशी हे अजून चाललंय. पंगत बसलीय, वाढपी फिरतायत, आणि वर नुसतं पाणी. बाहेर दिल्ली का गाव, काही कळायचं नाही. डोळा लागायचा. जाग आली तरी बाण आपला वर चाललेला.

आणि फोन यायचे. "तुझ्याकडून आलं गं." मला — जिला त्या गावानं कधी चार बायकांत पुढं बसवलं नाही. मूल नाही म्हणून ओटी भरायला बोलावलं नाही. तेच गाव माझ्या दारात ओंजळ धरून. तुला सांगू? गोड लागतं ते. फार गोड लागतं.

तर वर नेट अडायला लागलं.

पोरी जेवायला आल्या की तेच. "यार काकू, नेट बिल्कुल चालत नाहीये." मोठमोठी लेक्चरं उतरवायची असायची, सरावाच्या परीक्षाही कॉम्प्युटरवर. मग मीच पाळ्या लावल्या. आमच्याकडे पाटाचं पाणी असंच मिळायचं, ज्याची पाळी त्यानं घ्यायचं. संगमनेरची प्रतीक्षा म्हणाली, "काकू, पाळी नका म्हणू, टर्न म्हणा. पाळी म्हटलं की हसू येतं." सगळ्या हसल्या. पण पाळ्या लावूनही नेट अडायचंच.

एका दुपारी लाईट गेली. राउटर इन्व्हर्टरवर होता, माझा कॉम्प्युटर नव्हता. तो बंद पडला. आणि वरून प्रतीक्षाचा आवाज — "अच्छा, लाईट गेली की नेट पळतं होय? कमाल आहे."

मी मटार सोलत होते. हात थांबला. वरच्या वावरवाल्यानं बांध फोडला की खालचं कोरडं राहतं, एवढं कळायला शाळा लागत नाही. कळलं मला. तिथंच कळलं. लाईट आली आणि मी उठून कॉम्प्युटर परत चालू केला.

आता नाझनीनचं सांगायला पाहिजे. किती लांबवू?

नाझनीन परभणीची. अबोल. माझ्या हातची आमटी तिला आवडायची, म्हणायची, "काकू, आमच्या अम्मीसारखी आंबट होते." ती लेक्चरं जास्त उतरवायची, क्लासची फी भरायला तिच्याकडे पैसे नव्हते. म्हणून पोरींना वाटलं, नेट तीच खाते. प्रतीक्षानं मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "काकू, तीच ना?"

मी म्हटलं, "तीच असेल."

पोरी चौघी होत्या. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं असतं तर मी असं पटकन हो म्हटलं असतं का? तिचं नाव घ्यायला सोपं गेलं. का सोपं गेलं, ते मला ठाऊक आहे. तुलाही कळलं असेल.

पोरी तिच्याशी तुटक बोलायला लागल्या. मग तिला एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीला बोलावणं आलं. मुलाखत कॉम्प्युटरवरच, समोर माणसं दिसतात तशी. मिळाली असती तर आणखी एक वर्ष दिल्ली. नाही तर परभणी. वडिलांनी स्थळ बघून ठेवलेलं. खाली येऊन म्हणाली, "काकू, तेवढा वेळ कुणी नेट वापरू नका, असं सांगाल? तुमचं ऐकतात सगळ्या."

"सांगते की," म्हटलं. सांगितलंही. त्या दिवशी सगळ्यांनी बंद केलं. प्रतीक्षानंसुद्धा, तोंड वाकडं करून का होईना.

आदल्या दिवशी सुरतेहून आमच्या येसूवहिनीचा फोन आला होता. तिच्या लग्नाची फाईल अर्ध्यावर आली होती. गावात असताना ही माझ्या हातचं पाणी घ्यायची नाही शुभकार्यात. आता म्हणाली, "तुझ्यावाचून कुठून मिळायचं बाई?" ते कानात होतं. मुलाखतीची वेळ झाली तशी मी कॉम्प्युटरपाशी बसले. बटणावर बोट ठेवलं. बाण वर चालला होता, भराभरा. एक तासाचा प्रश्न. येसू एक तास थांबली असती, एवढी वर्षं थांबलीच होती की. मी बोट काढून घेतलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी काढलं.

वरून नाझनीनचा आवाज येत होता. "सर, ऐकू येतंय का? सर?" मग फोन घेऊन ती गच्चीकडे पळाली, रेंज धरायला. मी जिन्यावरची पावलं ऐकली. ती परत जोडली जाईपर्यंत त्यांनी पुढच्याला घेतलं होतं.

ती खाली आली, पाठोपाठ पोरी. प्रतीक्षा म्हणाली, "इतकं डाउनलोड करून ठेवल्यावर अडणारच ना." नाझनीननं तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही तरी सांगा. सकाळपासून मी काहीच उतरवलं नव्हतं. तुम्ही होतात ना सकाळी वर, बघत होतात."

होते मी. पाहिलं होतं.

मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतंय बाई. मी अडाणी."

जन्मभर लोकांनी मला अडाणी म्हटलं, तेव्हा लागायचं. त्या दिवशी मी आपण होऊन ते अंगावर ओढून घेतलं, थंडीत घोंगडं ओढावं तसं. आणि आत ऊब होती, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात ती गेली. जाताना पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा," म्हटलं. पुढं तिचं लग्न झालं, एवढंच कानावर आलं.

ती गेल्यावर मला भीती बसली. आता नेट अडलं तर पोरी कुणाकडे बघतील? म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी दिवसा कॉम्प्युटर बंद ठेवायला लागले. एकच बटण. गावातल्या कुणाचीही तक्रार आली नाही.

वर नेट सरळ चालायला लागलं. प्रतीक्षा जेवताना म्हणाली, "बघा काकू, तीच होती."

मी तिच्या ताटात पोळी वाढली आणि म्हटलं, "हो."