बुटांची चौकशी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. आमच्या कॉलेजातल्या क्रॉस कंट्रीच्या आठवणी कुणी विचारल्या की मी मुलांच्या गमती सांगायचो आणि मुलींच्या संघापाशी आलो की विषय बदलायचो.

सत्तरच्या दशकात मी तिथे क्रीडाशिक्षक होतो. कॉलेज लहान. पहाटे मुलांना फुटाळा तलावाच्या पलीकडे, तुरीच्या शेतांतल्या धुऱ्या-बांधांवरून धावायला न्यायचो. विद्यापीठाच्या शर्यतीत आम्ही कायम मध्येच कुठेतरी. मग अर्थशास्त्राच्या बाईंनी मुलींचा संघ काढला. बाई आयुष्यात कधी धावल्या नव्हत्या. पदर खोचून, घंटी वाजवत, सायकलवर मुलींच्या मागे जायच्या. मला हसू यायचं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुली विद्यापीठात पहिल्या आल्या आणि माझं हसू गेलं.

प्राचार्यांनी मुलींना ट्रॅकसूट दिले. माझी मुलं बनियनवरच. बाई सगळ्यांना सांगायच्या की रस्ता सरांनीच आखून दिला. ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबायचं. सराव संपला की माझी मुलंसुद्धा तिकडे रेंगाळायची, कारण बाई घरून भिजवलेले चणे आणायच्या. कोणती मुलगी उपाशी आली आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

त्यांची सगळ्यात चांगली धावपटू उमरेडच्या एका विणकराची मुलगी. इथे मावशीकडे राहून शिकायची. राज्याच्या संघात ती जाणार असं सगळेच म्हणत. एका दुपारी तिचे वडील इतवारीच्या बाजारात लुगडी पोचवून थेट माझ्याकडे आले. खेळाचे सर म्हणून कुणीतरी माझी खोली दाखवली असणार. दारातच त्यांनी चपला काढल्या.

"सर, पोरीले धावाचे बूट घेऊन द्याचे आहे. कोणते घेऊ?"

दुकान मला माहीत होतं. मी म्हणालो, "बुटांचं सोडा, भाऊ. पोरीकडे लक्ष द्या. रस्त्यानं धावते, लोक नाही नाही ते बोलून राहिले."

ते चपला घालून गेले.

पुढच्या आठवड्यात मुलगी सरावाला आली नाही, नंतर कॉलेजलाही नाही. बाई उमरेडला जाऊन आल्या. वडील त्यांच्याशी बोललेच नाहीत. बाप जुन्या वळणाचा, असं स्टाफरूममध्ये ठरलं. मीही मान हलवली. ती गेल्यावर संघ मोडला, बाईंची सायकल पहाटे दिसेनाशी झाली, आणि खोटं कशाला सांगू, तो हिवाळा मला फार बरा गेला.

निवृत्तीनंतर मी एसटीनं उमरेडला गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. तिचे वडील मागावरून उठले, मला खुर्ची दिली. पोरगी सासरी बरी आहे म्हणाले. चहा घेऊन आलेल्या सुनेला त्यांनी माझी ओळख करून दिली.

"हेच ते सर. यायनं येळेवर सांगतलं, नाही तं आपली बदनामी होत होती."

मी चहा प्यालो आणि परत आलो. आता ते नाहीत. त्या खुर्चीवर बसून मला एवढंच म्हणायचं होतं: भाऊ, तेव्हा तुमच्या पोरीबद्दल कोणीच काही बोलत नव्हतं. बोललो तो मी एकटा, आणि तेही फक्त तुमच्यापाशी. मला माफ करा.