अक्कांना ऐकू येणारा खोकला

निपाणीच्या मोटारस्टँडवर आईनं पितळी पानाचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "परमुलखात हाच सोबती." मी खोकत होतो, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तंबाखूच्या वखारींच्या आमच्या गावात न खोकणाऱ्याचीच चौकशी व्हायची!

बंगळुरात कारखान्यात लागलो, मल्लेश्वरमला माडीवरची खोली मिळाली. घरमालकीण अक्का इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी. आधीचा भाडेकरू त्याच खोलीत वारला होता. असेल, म्हटलं, माणसं मरतातच.

थंडीत खोकल्याबरोबर लाल पडू लागलं. पानाचंच, दुसरं काय? मनात पाल चुकचुकली की मी आणखी एक विडा लावी. अंग वाळत चाललं, संध्याकाळी कणकण येई, आणि घरी मी 'मजेत आहे' असं लिही. लबाडच होतो मी.

मी खोकलो की खाली अक्कांची भांडी वाजायची थांबत आणि भरदुपारी तुळशीपाशी दिवा लागे. विचारलं तर तुळशीला पाणी घालू लागत.

मग एकादशी आली. उपासाला आमच्यात पान वर्ज्य. सकाळी मोरीत खोकलो, तर लालच. मी खाली वाकून त्यावर पाणी ओतू लागलो. दारात अक्का उभ्या होत्या.

"अण्णा, आज विडा खाल्ला नाहीत ना?"

"नाही."

"अय्यो! म्हणजे खोकला तुमचा होता?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटायचं, तुम्ही कारखान्यात पाळीला गेलात आणि तो आधीचा भाडेकरूच खोकतोय अजून. म्हणून दिवा लावायची मी. तो पण पानाचंच लाल म्हणायचा. स्वल्प थांबू, म्हणायचा. उठा, आत्ता डॉक्टरकडे!"

क्षय निघाला. दीड वर्ष इंजेक्शनं आणि गोळ्या. डॉक्टर माझ्यावर चिडलेच: थुंकीत रक्ताचा धागा दिसला तरी त्याच दिवशी यायचं, रंग पारखत बसायचं नाही. गावाकडच्यांनो, तुम्हालाही हेच कळकळीनं सांगतो.

अक्का जाऊन चार वर्षं झाली. खालचं घर बंद आहे. तरी मला ठसका लागला की खालून विचारणा होते, "अण्णा, लाल आहे काय?" मी रुमाल बघतो आणि मोठ्यानं सांगतो, "नाही, अक्का."

परवा गावाजवळ बदली मिळत होती. नको म्हणून कळवलं. तिथं माझा खोकला कोण ऐकणार?