तोच कुत्रा

“नॉट हर. ओन्ली बेबी.”

मॅडम डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पोटरीला मीच माझी ओढणी बांधली होती आणि ओढणीतून रक्त येत होतं. त्यांच्या छोटीच्या हातावर एक ओरखडा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायाकडे बोट दाखवून विचारलं, हिचं काय? मॅडम हसल्या. म्हणाल्या, शी इज अवर मेड. इंजेक्शन इंडियात गेल्यावर घेईल.

एवढं इंग्रजी मला कळतं. मी बारावी झालेय.

हे बालीतलं. समुद्राजवळचा दवाखाना. खारघरच्या एका टॉवरमध्ये मी छोटीला सांभाळायचं काम करायचे. सुट्टीत ते घर फिरायला निघालं, तेव्हा मलाही बरोबर नेलं. “तू तर आमच्या घरचीच,” असं मॅडम चारचौघांत म्हणायच्या. आणि ह्या घरच्या बाईसाठी त्यांनी बॅगेत तिचा वेगळा स्टीलचा ग्लास आठवणीने भरून घेतला होता. समुद्र ओलांडला, पण ग्लास काही सुटला नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

त्या सकाळी वाळूत एक कुत्रा छोटीच्या अंगावर आला. मी मध्ये पडले. तिला त्याची नखं लागली, मला दात. मी आधी तिचा हात नळाखाली साबणाने धुतला, मग माझा पाय. खूप वेळ धुतला. कुत्रा चावल्यावर काय होतं ते मी घरात बघितलंय.

माझी ताई. आमचं गाव मराठवाड्यात, वस्ती गावाबाहेर. कुत्रा चावला तर सात विहिरींत डोकावायचं, म्हणजे विष उतरतं, असं तेव्हा सगळं गाव मानायचं. आमच्या वस्तीत विहीर एक. बाकीच्या गावातल्या. बाप ताईला खांद्यावर घेऊन निघाला, मी त्याच्या मागे मागे.

“नुसतं बघू द्या मालक. शिवत न्हाई आमी.”

“तिची सावली पडंल पान्यात.”

एवढंच बोलणं. पुढच्या विहिरीवरही हेच, त्याच्या पुढच्या विहिरीवरही हेच. घरी आल्यावर आईने ताईला आमच्याच विहिरीवर नेलं. डोकावायला लावलं, घरापर्यंत परत आणलं, परत नेलं. एकच विहीर सात वेळा दाखवली. ताईला गंमत वाटत होती. पाण्यातल्या स्वतःला ती वेडावून दाखवत होती.

मग काही दिवसांनी तिला पाणी पिता येईना. तांब्या बघितला की किंचाळायची. तहान लागलेली, ओठ फुटलेले, आणि पाणी जवळ आलं की घसा आवळायचा. आईने एकदा तांब्या पदराखाली लपवून आणला, तरी तिला कळलं. मी दारात उभी होते. तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. भांडी घासताना येतो, नळ सोडला की येतो.

आई मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, “सा इहिरी ऱ्हायल्या गं माज्या लेकीच्या.” मीही तेच ऐकत मोठी झाले.

त्याच दिवशी सरपंचाच्या मुलालाही तोच कुत्रा चावला होता. त्याला सगळ्या विहिरी दाखवल्या आणि मग जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. पोटात इंजेक्शनं दिली. तो जगला. जीप आमच्या वस्तीवरूनच गेली. मागे जागा होती. ताई अंगणात खेळत होती. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण विहिरींच्या दुःखात मी त्या जीपकडे कधी नीट बघितलंच नाही.

बालीत, दवाखान्यातल्या स्टुलावर बसून, मला जीप दिसली. छोटीला सुई टोचत होते. ती माझाच हात धरून रडत होती, तिच्यावर कसला राग? राग आला तो आमचा आम्हालाच. जन्मभर विहिरींसाठी रडलो. जीप अडवायला हवी होती. रस्त्यात आडवं पडायला हवं होतं.

मी ओढणी सोडली. पाय उचलून टेबलावर ठेवला, छोटीच्या शेजारी.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “सेम डॉग.”

मॅडम लालबुंद झाल्या. “तमाशा करू नकोस. इथे केवढं महाग आहे, कल्पना आहे का तुला? परवा तर निघतोय आपण. तिकडे सरकारीत फुकट मिळतं.”

“विष काय तुमच्याकडे कामाला आहे, थांब म्हटलं की थांबायला?”

“पगारातून कापेन.”

“कापा.”

सर, म्हणजे छोटीचे पप्पा, मोबाईलमध्ये बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, सेम डॉग. मोठ्याने. बाहेर बसलेली माणसं आत डोकावायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मॅडमना हाताने बाजूला केलं आणि नवे हातमोजे चढवले.

जखमेतच औषध भरलं. मी ओरडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही. नर्सने सगळ्यांसाठी पाणी आणलं. एका ट्रेमध्ये, सारखे काचेचे ग्लास. मी माझा उचलला. पाण्यात मला ताई दिसत होती. तरी प्यायले, मॅडमच्या समोर, तळापर्यंत.

खारघरला बॅगा उघडताना मॅडमनी विचारलं, “तुझा ग्लास कुठेय?”

“राहिला तिकडे.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

नाही गेले. उरलेले डोस इथल्या सरकारी दवाखान्यात घेतले, खांदेश्वरच्या माझ्या खोलीवरून बसने जाऊन. शेवटच्या डोसला नर्स म्हणाली, “झालं ताई, आता काय टेन्शन नाय.” ती मला ताई म्हणाली आणि मी तिथेच बाकावर बसून रडले. भीती गेलेली नाही. सकाळी पहिला घोट घेताना अजून घसा आवळतो, आणि घोट उतरेपर्यंत मी माझी नसते.

आता नव्या घरी कामाला गेले की पगाराचं नंतर बोलते, आधी पाणी मागते. ग्लास वेगळा आला तर उठते. का उठले ते दारातच सांगते, लिफ्टपाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. ग्लास सारखा आला, तर पिण्याआधी थोडं वाकून बघते. माझी सावली पाण्यात पडते. पडणारच.