संक्रांतीच्या वाणातल्या चाळीस गाळण्या

आमच्या घरात चहाच्या चाळीस गाळण्या आहेत. चहा आम्ही तिघंच पितो.

याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडता आलं असतं तर मी आनंदानं फोडलं असतं. पण आयुष्यभर गप्प राहून झालं, आता खरं सांगून टाकतो. त्या गाळण्या मी आणल्या. चोरून!

आमची केतकी नुकतीच डॉक्टर झालेली. वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाआधी आमच्या हिनं, म्हणजे माधवीनं, जाहीर केलं, "यंदा वाण म्हणून मेन्स्ट्रुअल कप द्यायचे. वापरायचे कसे ते केतकी सांगेल. आणि पाटणकर आजींनाही कुंकू लावायचं. नवरा गेला म्हणून काही कपाळ गेलं नाही त्यांचं!"

मी पेपर वाचत होतो. (म्हणजे धरला होता.)

"अहो, तुम्हाला काय वाटतं?"

"चांगलंय," मी पेपरलाच सांगितलं.

मी पहिल्यापासून बायकांच्या बाजूचा माणूस. फक्त मनातून. 'पाळी' हा शब्द माझ्या तोंडून कधी बाहेर पडला नव्हता. केतकीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा बापानं चार शब्द बोलायला हवे होते. मी खाली जाऊन स्कूटर धुतली. स्वच्छ होती, तरी धुतली.

तर हळदीकुंकवाच्या दुपारी मायलेकी हॉल सजवायला गेल्या आणि घरात उरलो मी आणि माधवीनं शिवलेले चाळीस बटवे. प्रत्येकात एक कप. चेअरमनच्या आई येणार! त्या सोवळ्यातल्या! उद्यापासून लिफ्टमध्ये त्यांच्याकडे बघायचं कसं? जिन्यानं जावं तर सहावा मजला, आणि माझे गुडघे!

मी भांड्यांच्या दुकानात धावलो. "वाणाला काहीतरी द्या. चाळीस नग. लवकर!"

घरी येऊन कप पिशवीत, पिशवी स्कूटरच्या डिकीत आणि बटव्यांत गाळण्या! वाण काय, घरी नेऊनच उघडतात. तोवर व्याख्यान संपेल, टाळ्या होतील, घराण्याची अब्रू वाचेल, असा माझा हिशेब.

संध्याकाळी मी हॉलच्या दाराशी मसाला दुधाचा जग घेऊन उभा. केतकी ओढणीला माईक लावून फळ्यावर गर्भाशय काढत होती. पाठमोरीच म्हणाली, "आता सगळ्यांनी बटवे उघडा."

मेलो!

"हातात घेऊन बघा. पहिल्यांदा सगळ्यांनाच भीती वाटते. वापरण्याआधी उकळत्या पाण्यात टाकायचं."

"ते रोजच करतो की," कुणीतरी पुटपुटलं.

"मग असं दुमडायचं." तिनं फळ्यावरच काढून दाखवलं.

म्हात्रे वहिनींनी, बिचाऱ्या आज्ञाधारक, दातओठ खाऊन प्रयत्न केला. स्टील होतं ते!

"आणि दांडी टोचली तर थोडी कापली तरी चालते."

पहिल्या रांगेतून पाटणकर आजी म्हणाल्या, "केतकी बाळ, एवढी लांब दांडी टोचणार नाही तर काय होईल गं?"

हॉल हशानं फुटला! केतकी वळली. समोर चाळीस गाळण्या. तिच्या हातातला मार्कर खाली पडला.

"सॉरी... माझ्याकडूनच काहीतरी..."

"आजकालचे डॉक्टर!" मागून शेरा आला.

माझ्या पोरीचं पहिलं व्याख्यान. आठवडाभर आरशासमोर बोलत होती. आणि आता माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होती. मी जगासकट तिच्याकडे धावलो. (अर्धं दूध झब्ब्यावर.)

"तिची चूक नाही! मी बदलले!"

"काय बदललंत?" माधवीनं विचारलं.

"ते... आपलं ते..."

"ते म्हणजे काय, अहो?"

"मेन्स्ट्रुअल कप!" मी ओरडलो. "पाळीचे! माझ्या डिकीत आहेत!"

मी माईकला जवळजवळ चिकटलोच होतो. खाली रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू गेलं म्हणे.

केतकी माझ्याकडे बघत राहिली. "लाज वाटली, बाबा? माझी?"

"नाही गं. माझीच."

ती माईकवरूनच म्हणाली, "मग घेऊन या खालून. आणि वाटायचे तुम्हीच."

मी वाटले! रांगेरांगेतून, एकेकीच्या हातात, गाळणी परत घेत. चेअरमनच्या आईंसमोर नजर चुकवून कप पुढे केला, तर त्याच म्हणाल्या, "अजून दोन द्या हो भाऊ, सुनेला आणि नातीला. आमच्या वेळी हे सांगणारी अशी एक पोर असती, तर बाहेर बसण्यात आयुष्य नसतं गेलं."

नंतर तासभर प्रश्नांचा पाऊस पडला. केतकी एकेकीला हसत, न अडखळता उत्तर देत होती आणि मी भिंतीला टेकून ऐकत होतो. तिथून पळून स्कूटर धुवायला जावं, असं एकदाही वाटलं नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होतो, "माझी मुलगी!" (सगळ्यांना माहीत होतं.)

आता केतकीला कल्याण, डोंबिवली, घोडबंदर रोडचे टॉवर, सगळीकडून बोलावणी येतात. पिशव्या उचलायला मी असतो. सुरुवात ती दरवेळी याच किश्श्यानं करते आणि पुराव्यादाखल मला पुढे बोलावते. पुरुषानं बायकांच्या पाठीशी उभं राहावं, असं सगळेच म्हणतात. मी तर त्यांच्यासमोर उभा राहतो.

हातात गाळणी घेऊन!