गोष्टीतली धाकटी जाऊ

दोन वर्षं थोरल्या जावेचं अंथरुणातलं सगळं केलं आणि आता तिकीट काढून, आपणच तिला उपाशी कसं मारलं ही गोष्ट ऐकायला निघायचं, म्हणजे वैतागाची कमालच झाली. काकू दुकानाचं शटर ओढताना हेच पुटपुटत होत्या. शटर नेमकं अर्ध्यावर अडकलं. काकूंनी त्याला एक लाथ घातली तेव्हा ते मुकाट्याने खाली आलं.

काकू म्हणजे जुन्या बाजारातल्या रफूवाल्या काकू. कोटाला सिगारेटने भोक पडू दे नाहीतर शाल उंदराने कुरतडू दे, काकू त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढायच्या आणि भोक असं बुजवायच्या की ज्याचं कापड त्यालाही जागा सापडू नये. तेहेतीस वर्षं हेच काम. डोळ्यांवर एकावर एक दोन चष्मे आणि नाकावर राग. कपडा कधी मिळेल असं गिऱ्हाईकाने विचारलं की त्या चिडायच्या, आणि नाही विचारलं तर मेल्याला कापडाची काळजीच नाही म्हणून चिडायच्या. तरी लोक यायचे, कारण असा हात दुसरा नव्हता.

दुकान खाली, घर वर. आधी थोरले दीर गेले, मग काकूंचे यजमान गेले, मुलं आपापल्या गावी लागली, आणि त्या घरात उरल्या दोन जावा. पस्तीस वर्षांत या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर शपथ. पंखा एकवर की दोनवर, यावरून दोन दिवस अबोला चालायचा. मग जाऊबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुबा मोडला, आणि त्यांची कॉट मागच्या बोळाकडच्या खिडकीशी लागली ती कायमची. तेव्हापासून सकाळी अंग पुसणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी खालून वर येऊन कुशीवर वळवणं, चमच्याने भरवणं, सगळं काकूंनी केलं. काकूंचे हात चालायचे तसं तोंडही चालायचं, आणि जाऊबाईही काही कमी नव्हत्या. खुबा मोडला होता, जीभ शाबूत होती. पाच महिन्यांपूर्वी एका पहाटे त्या गेल्या.

आणि आता हे. मागच्या आठवड्यात एक बाई कोट घेऊन आली. कोट दाखवायचा सोडून इकडेतिकडे बघत राहिली आणि शेवटी हसत हसत म्हणाली की ते भुताच्या फेरीवाले मागच्या बोळात उभे राहून ज्या धाकट्या जावेची गोष्ट सांगतात, ती तुमच्याच घरातली का? काकूंना काही कळेना. तेव्हा त्या बाईने सगळं रंगवून सांगितलं. रोज संध्याकाळी एक गाईड लोकांना जुन्या शहरातून फिरवतो. बोळात आला की वरची खिडकी दाखवतो आणि सांगतो की इथे धाकटीने थोरलीला डांबून उपाशी मारलं. वर हेही सांगतो, म्हणे, की ही गोष्ट ऐकीव नाही, मला घरातल्याच माणसाने सांगितली आहे.

खोटं बोलणाऱ्यांच्या तोंडाला कोण लागणार, असं म्हणून काकूंनी ते सोडूनही दिलं असतं. पण 'घरातलं माणूस' हा शब्द काही घशाखाली उतरेना. घरात माणसं होती किती? दोन. त्यातल्या एकीने सांगितलं नव्हतं हे नक्की. म्हणजे जाऊबाईंनीच कुणाजवळ तरी रडगाणं गायलं होतं. मला जेवायला देत नाही, मला कोंडून ठेवते. त्यांना खरंच तसं वाटत होतं? दोन वर्षं हाताने भरवलं, आणि ती बाई मनात हे धरून गेली? काकूंना आठ दिवस झोप लागली नाही. काळ्या कोटाच्या बाहीला त्यांनी तपकिरी धागा घातला, तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा त्यांनी ठरवलं की हे नीट ऐकायचं, त्या गाईडकडून नाव वदवून घ्यायचं आणि ही गोष्ट बंद पाडायची.

फेरी साडेसहाला चौकातून सुटायची. जमलेली मंडळी बघूनच काकूंचं डोकं फिरलं. एक नवं लग्न झालेलं जोडपं, ते एकमेकांचे फोटो काढण्यातून मोकळं होईना. एक गुडघेदुखीवाले गृहस्थ, वाटेत बसायला कुठे कुठे मिळेल याची चौकशी करणारे. कॉलेजातल्या चार मैत्रिणी, अजून काही झालेलं नसताना किंचाळायला तयार. आणि गाईड. पंचेचाळिशीचा बाप्या, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा म्हणे, आता अंगात काळा झगा आणि हातात बॅटरीवरचा कंदील. झग्याची खालची शिवण हातभर उसवून रस्ता झाडत होती. या माणसाला दोन टाके घालायचं सुचत नाही आणि हा लोकांच्या घरच्या गोष्टी सांगतो, काकू मनात म्हणाल्या.

पहिला मुक्काम जुन्या पाण्याच्या टाकीपाशी. गाईडने आवाज खोल केला आणि इथे बुडून मेलेला सावकार अजून उसासे टाकतो असं सांगितलं. तेवढ्यात खरंच एक लांब उसासा आला आणि मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पाइपात हवा अडकली होती, दुसरं काय. काकूंनी स्वतः चारदा तक्रार केली होती. पुढे एका भिंतीवर लाल पंजा होता. तो म्हणे खून करून पळालेल्याचा. काकूंच्याने राहवेना. तो पंजा रंगाऱ्याचा होता, माल उतरवताना तो बिचारा तिथे हात टेकून दम खायचा, आणि त्याने आयुष्यात झुरळ मारलं नव्हतं. हे त्या जरा मोठ्यानेच बोलल्या. गुडघेदुखीवाले खो खो हसले. गाईडने काकूंकडे नीट पाहिलं, त्याचा चेहरा जरा उतरला, आणि प्रश्न शेवटी घेऊ असं म्हणून तो भराभरा पुढे चालू लागला.

मग बोळ आला. रोजचा, कचऱ्याच्या डब्यांचा, मांजरांचा. दुकानाचं तोंड पलीकडच्या रस्त्याला, त्यामुळे काकू इथे फक्त कचरा टाकायला यायच्या, तेही सकाळी. वर खिडकी. आत अंधार. गाईड थोडा घुटमळला. जोडप्यातला नवरा म्हणाला की हीच ना ती, आम्ही याच गोष्टीसाठी आलोय. मग सुटका नव्हती. गाईडने खाली बघत सुरुवात केली.

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट, तो म्हणाला. दोन जावा. थोरली गोरीपान, गोड गळ्याची, सगळ्या गावाची लाडकी. हे ऐकून काकूंनी कपाळावर हात मारला. धाकटी काळी, किडकिडीत, दिवसभर सुई चालवणारी. तिने थोरलीला खिडकीशी बांधून घातलं. जेवणाचं ताट रोज आणायची आणि हात पोहोचणार नाही एवढं लांब ठेवून समोर स्वतः जेवायची. थोरली हाका मारायची, तर धाकटी सुईत दोरा ओवून म्हणायची, तोंड शिवून टाकीन तुमचं, चार टाक्यांचं काम आहे.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हे वाक्य त्यांचंच होतं. शब्दन् शब्द. औषध घ्यायला जाऊबाई कुरकुर करायच्या तेव्हा काकू रोज हेच म्हणायच्या, आणि ऐकायला तिथे तिसरं कुणी नसायचं. आता संशयाला जागाच उरली नाही.

त्या सरळ पुढे गेल्या आणि सगळ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"ती धाकटी मी आहे," त्या म्हणाल्या. "दीडशे वर्षं नाही, पाच महिने झालेत. माझ्या हातचा शेवटचा घास खाऊन गेली ती. कोणी बांधलं नव्हतं तिला."

मग टाळ्या. कडकडून. मैत्रिणींनी किंचाळण्याची हौस भागवून घेतली, नवरीने नवऱ्याचा दंड धरला, आणि गुडघेदुखीवाले म्हणाले की बाई काय काम करते, मघापासून मला वाटलंच होतं ही यांचीच माणूस. काकू ओरडून सांगू लागल्या की मी कुणाची माणूस नाही, तर टाळ्या आणखी वाढल्या. आता या लोकांना काय म्हणायचं? खरं बोलावं तर नाटक वाटतं आणि रंगाऱ्याचा पंजा मात्र खुन्याचा वाटतो.

गाईडने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्याने मंडळींना पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि काकूंना पलीकडच्या पायरीवर बसायची विनंती केली. काकू बसल्या नाहीत. माझ्या जावेने सांगितलं ना हे सगळं, त्यांनी विचारलं. गाईड हो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी, तो सांगू लागला, तो याच बोळात दुसरीच कुठलीतरी गोष्ट सांगत होता, कुणा शिपायाची. वरून आवाज आला, अहो मास्तर, लोकांना घाबरवायचंय की झोपवायचंय? दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम लवकर आला. जाऊबाई कॉटवरूनच खिडकीतून बोलल्या, आणि दोघांनी मिळून ही गोष्ट रचली. म्हणजे त्यांनी रचली, त्याने पाठ केली. दर आठवड्याला त्या काहीतरी सुधारायच्या. ताट लांब ठेवायचं त्यांनीच सुचवलं. आणि 'तेवढ्यात दिवा विझला' असं तो म्हणाला की वर खरोखर दिवा विझायचा. मग खाली जी काही पळापळ व्हायची.

काकू पायरीवर बसल्या. दिव्याचं बटण उशाशीच हवं म्हणून जाऊबाईंनी केवढा हट्ट धरला होता, आणि वायरमनला बोलवावं लागलं म्हणून त्या स्वतः किती बोलल्या होत्या. दुकान बंद करून साडेसातला वर यावं तर जाऊबाई लालबुंद, डोळ्यांत पाणी, धाप लागलेली. काकू त्यांना ठसक्याचं औषध पाजायच्या आणि थंड पाणी पिऊ नका म्हणून झापायच्या. त्या निमूटपणे औषध घ्यायच्या. हसण्याची धाप होती ती, आणि काकूंना कधी कळलं नाही.

"पण मग मलाच का?" काकू म्हणाल्या. "मी काय घोडं मारलं होतं तिचं?"

गाईड म्हणाला की त्यानेही हेच विचारलं होतं. जाऊबाई म्हणाल्या होत्या, "खरी सांगितली तर घाबरेल कोण? माझे पाय चेपते, मला झोप लागल्याशिवाय जेवायला बसत नाही. अशा बाईची गोष्ट ऐकायला कोणी यायचं नाही, मास्तर."

काकूंनी मान वर करून आणखी विचारलंच, की मग मला का सांगितलं नाही, मीही ऐकलं असतं की खिडकीत बसून. गाईडने कंदील या हातातून त्या हातात घेतला.

"मी म्हटलं होतं त्यांना," तो म्हणाला. "तर म्हणाल्या, नको. तिला कळलं की ती चिडेल. आणि मला दिवसातून एवढी एकच गंमत आहे."

"मी कशाला चिडले असते?" काकू म्हणाल्या. ते अशा आवाजात निघालं की बोळाच्या टोकाशी उभी असलेली मंडळी वळून बघायला लागली. काकूंनाही आपला आवाज ऐकू आला. कॉटवर पडून तो दोन वर्षं रोज कसा ऐकू येत असेल, ते त्यांना तेव्हा कळलं.

गाईड हळूच म्हणाला की चूक झाली, उद्यापासून ही गोष्ट काढून टाकतो. काकूंनी मान हलवली. काढू नका, त्या म्हणाल्या, तिची आहे ती. घाबरू देत लोकांना, माझं काय जातंय. फक्त ती गोरीपान नव्हती आणि गळा तर फुटक्या भोंग्यासारखा होता, एवढं तुम्हाला माहीत असू द्या.

तेवढ्यात ती नवरी पुढे आली. हे सगळं फेरीतलंच आहे अशी तिची अजूनही समजूत होती. गाईडकडे बघत तिने विचारलं, "पण मग त्या धाकटीचं पुढे काय झालं?"

गाईडने काकूंकडे पाहिलं.

"काय व्हायचंय," काकू म्हणाल्या. "दुकान चालवते. रात्री वर जाते. चिडायला घरात कोणी उरलेलं नाही."

नवरी थोडा वेळ पुढच्या भागाची वाट बघत उभी राहिली. मग तिने जवळून काकूंचा चेहरा पाहिला, आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.