भावोजींचा पेपर आणि नऊचा कार्यक्रम

ती विनोदी केबल वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्या मालकाकडे भांडवल म्हणून दोनशे अकरा व्हिडिओ कॅसेटी होत्या आणि तक्तेबाई होत्या. बंद पडणाऱ्या एका व्हिडिओ लायब्ररीतून त्याने कॅसेटी उचलल्या, तेव्हा बाई त्यांच्यासोबतच आल्या. कपाटाबरोबर किल्ली येते तशा. कारण कुठल्या डब्यात काय आहे हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. डब्यावर ‘बंडूचं लग्न’ लिहिलेलं असलं की आत हमखास भुताचा सिनेमा निघायचा.

शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत वाहिनीचा संसार थाटला गेला. एका खोलीत यंत्रं, दुसरीत मालक, आणि बाईंचं टेबल जिन्याच्या वळणावर. खाली शिंप्याने मशीन जोरात हाणलं की वर चित्र थरथरायचं. प्रेक्षकांना तो अभिनयाचाच भाग वाटायचा. त्या टेबलावर बाई रोजचा तक्ता आखायच्या. सकाळचे कार्यक्रम हिरव्या पेन्सिलीने, दुपारचे निळ्या, आणि रात्री नऊचा लाल. त्यांचं खरं आडनाव तेव्हापासून फक्त पगाराच्या दिवशी वापरात येऊ लागलं.

पुढे कॅसेटी गेल्या, तबकड्या आल्या, वाहिनी लिफ्ट असलेल्या इमारतीत गेली. पण बावीस वर्षांत बाईंचा नऊचा कार्यक्रम कधी पडला नाही. कसं जमतं, असं कुणी विचारलं तर बाई म्हणायच्या, “सवय.”

ती सवय घरी आरामखुर्चीत बसत असे. बाईंचे यजमान फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे घरी थोरले दीर आणि जाऊबाई. भावोजी जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते कार्यालयाची हद्द ठरवायला आल्यासारखे उभे होते. संध्याकाळी साडेसहाला ते सकाळचाच पेपर पुन्हा उघडायचे. बाई नव्या कार्यक्रमाचा भाग लावायच्या, आणि टीव्हीकडे पाठ करून पेपरकडे बघत बसायच्या. पेपर हलला नाही, तर सकाळ. नाकापर्यंत उतरला, तर दुपार. मांडीवर आला, तर रात्री नऊ. एवढीच काय ती विद्या.

मग वाहिनीवर नवा व्यवस्थापक आला. मुलगा हुशार, पण आकड्यांशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. कुठल्या घरात कोणता कार्यक्रम किती वेळ लागतो ते टिपणारे मोजणीचे डबे त्याने चारशे घरांत बसवले होते.

“बाई, तुमच्या निवडीला काही पद्धत आहे?”

“आहे की.”

“कागदावर आहे?”

“कागदच आहे,” बाई म्हणाल्या.

त्याला ते पटलं नाही. पाच नव्या मालिका आल्या होत्या. ठरलं असं, की एक आठवडा नऊला त्याची निवड, पुढचा आठवडा बाईंची. बाई हरल्या तर तक्ता संगणक आखणार आणि बाईंनी खाली स्वागतकक्षात बसून आल्यागेल्याला पाणी विचारायचं.

बाई निर्धास्त घरी आल्या, आणि बघतात तर आरामखुर्चीत भावोजी काळा चष्मा लावून बसलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन आजच होतं, हे त्या साफ विसरल्या होत्या. पंधरा दिवस वाचन बंद. पेपर घडी घालून कपाटावर.

तरी बाईंनी पहिली मालिका लावली. भावोजी गुडघ्यांवर हात ठेवून स्थिर. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, “भावोजी, कसं वाटलं?”

“काय?”

“हा कार्यक्रम.”

“मी कुठे ऐकतोय तो.”

“मग इतकी वर्षं पेपर खाली कशाला घेत होता?”

भावोजींनी काळा चष्मा स्वयंपाकघराकडे वळवला आणि आवाज खाली आणला. “ही आत हसते ना, तेव्हा पेपर फडफडला की नीट ऐकू येत नाही.”

“हे त्यांना सांगितलंत कधी?”

“सांगितलं तर जपून हसेल.”

“कसली कुजबुज चाललीय?” आतून जाऊबाईंचा आवाज आला. “डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हटलंय.”

“डोळ्यांनी कोण कुजबुजतंय,” भावोजी म्हणाले. आत जाऊबाई खुदकन हसल्या. भावोजींचे दोन्ही हात सवयीने मांडीवर उतरले. त्यांत पेपर नव्हता, एवढंच.

पुढचे चार दिवस बाई खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराजवळ ओढून बसल्या. दुसऱ्या मालिकेला भांडी एका लयीत घासली जात होती. तिसरीला घासणं थांबलं. चौथी होती एकाच शिडीचे मालक असलेल्या दोन शेजाऱ्यांची. तिला जाऊबाई साबणाच्या हातांनी दारात आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, “अगं, तो शिडीवर अडकतो तेवढं परत लाव ना.” पाचवी लागली तेव्हा त्या फोडणीशी बोलत होत्या. बाईंनी चौथीपुढे लाल खूण केली.

व्यवस्थापकाच्या आठवड्यात चारशेपैकी एकशे बारा घरांनी नऊचा कार्यक्रम पाहिला. बाईंच्या आठवड्यात दोनशे साठ. पोरगा खिलाडू होता. तक्त्याच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्याने स्वतः बाईंच्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, “तेवढी ती पद्धत एकदा बघू द्या.”

“रविवारी चहाला या.”

रविवारी तो आला तेव्हा भावोजींना पेपर परत मिळाला होता, आणि ते पंधरा दिवसांचं जग एकदम वाचत होते. पोराने खोलीभर नजर फिरवली, पद्धत म्हणजे एखादं यंत्रच असणार असं त्याने धरलं होतं, पण तसलं काही दिसेना. वेळ काढायला म्हणून तो आपल्या डब्यांबद्दल सांगू लागला. “एका घरातून रोज नऊ तास विनोदी कार्यक्रम बघितल्याची नोंद यायची. आम्ही त्या कुटुंबाला सगळ्यांत रसिक म्हणून मानपत्र द्यायला गेलो. तर घराला कुलूप, आणि खिडकीतून बघतो तर रिमोटवर मांजर झोपलेलं.”

आत काहीतरी खणखणत पडलं आणि जाऊबाईंच्या हसण्याने स्वयंपाकघर भरून गेलं. भावोजींचा पेपर अलगद मांडीवर आला.

“पण बाई, ते यंत्र कुठे आहे?” पोराने विचारलं.

“चहा घ्या,” बाई म्हणाल्या आणि मनातल्या मनात त्यांनी लाल पेन्सिल उचलली. या पोराला नऊची वेळ द्यायला हरकत नव्हती.