टाकी आणि आठ माणसांची लिफ्ट

लिफ्ट बसवणाऱ्या त्या टोळीत टाकीला कोणी त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यानेच मागे वळून पाहिलं असतं, हा कोण बुवा नवीन आला म्हणून. टाकी हे नाव त्याने कमावलं होतं. कितीही ओता, भरायची नाही. काम संपलं की टोळी प्यायला बसायची, एकेक गडी आडवा व्हायचा, आणि शेवटी टाकी सगळ्यांच्या चपला शोधून ज्याला त्याला घरी पोचवायचा. अंगानेही टाकीच. लिफ्टमध्ये चारपाच जण आणि हा चढला, की जास्त वजनाची घंटी वाजायची आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "टाकी, उतर!" टाकी हसत उतरायचा आणि धापा टाकत जिन्याने वर यायचा. बावीस वर्षं हसला बिचारा. न हसून सांगतो कोणाला?

टोळीची वजन तपासायची रीतही त्याच्यावरच बेतलेली. नियमाप्रमाणे लोखंडी वजनं आणून लिफ्टमध्ये ठेवायची असतात, पण ती वाहणार कोण? मग माणसंच उभी करायची, डोकी मोजायची आणि टाकीला दोन धरायचं. पॅनलच्या कुलूपबंद पेटीतलं बटण दाबून यंत्राला सांगायचं, की बाबा रे, एवढी म्हणजे भरली. याच्यावर कोणी चढलं तर बोंब मार.

मग टाकीने पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा, बायको जागी राहून त्याच्या छातीकडे बघत बसायची. डॉक्टरांनी पोट कापून पार मुठीएवढं केलं. बघता बघता टाकी निम्मा झाला. पण अंगाची सवय अशी जाते होय? दारातून अजून तिरका शिरायचा. खुर्चीत बसण्याआधी ती हलवून बघायचा.

राहता राहिली दारू. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पण मेहुण्याच्या नव्या घरी सगळे मागे लागले, "अर्ध्या ग्लासाने टाकीला काय होतंय?" खरं सांगायचं तर टाकीलाही तेच वाटलं. अर्धा ग्लास आत गेला, कान तापले, जमीन हलली, आणि हा गडी जो चपलांच्या कपाटावर कोसळला तो कपाट घेऊनच खाली आला. लोक पोट धरून हसले. त्याचं त्याला फार काही वाटलं नाही, हसून घ्यायची सवय होती. घाबरला तो दुसऱ्या दिवशी. सकाळी दात घासताना त्याला पुन्हा प्यावीशी वाटली. एवढी वर्षं पिंपंच्या पिंपं रिचवली, पण सकाळच्या वेळी कधी साधी आठवणही झाली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "आता ती पोटात थांबत नाही, सरळ रक्तात जाते. आणि खाणं सुटलं की काही माणसं बाटली धरून बसतात. तुम्ही हातसुद्धा लावू नका."

हे त्याने फक्त बायकोला सांगितलं. सांगताना रडला.

आणि नेमके तेव्हाच टोळीचे मिस्त्री निवृत्त व्हायला निघाले. म्हातारा कडक होता. त्यांचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घोटभर जरी घेतली असेल तरी पॅनलला हात लावायचा नाही, मग तो कोणी का असेना. पॅनलची चावी त्यांच्या गळ्यात असायची. जाताना ते ज्याला ती देतील तो पुढचा मिस्त्री. टाकी सगळ्यांत जुना, कामाला वाघ, तेव्हा चावी त्याचीच हे उघड होतं. फक्त त्यात एक मेख होती. नव्या मिस्त्रीने जुन्या मिस्त्रीच्या स्टीलच्या ग्लासातली दारू सगळ्यांसमोर एका दमात संपवायची, अशी टोळीची रीत होती.

"तुम्ही जाऊच नका," बायको म्हणाली. "बरं नाही म्हणून कळवा."

"का? चोरी केलीय मी? ज्यांच्या चपला शोधण्यात जन्म गेला त्यांच्यापासून तोंड लपवू? जाणार, बसणार आणि पिणार नाही."

"आणि चावी?"

चावी त्याला हवी होती हो. मनापासून हवी होती.

निरोपाच्या दिवशी सकाळी टोळीने नव्या लिफ्टचं वजन उरकलं. आठ माणसांची लिफ्ट. मिस्त्री खाली इमारतीच्या मालकाशी बोलत होते, चावी त्यांनी तेवढ्यापुरती वायरमनकडे दिली होती. वायरमन धरून टोळीतले सहा जण आणि टाकी आत उभे राहिले. वायरमनने डोकी मोजली. "सहा. टाकी?"

"मी दोन," टाकी सवयीने म्हणाला.

"आठ!" वायरमनने बटण दाबलं, पॅनल बंद केलं आणि चावी मिस्त्रींना परत नेऊन दिली.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत रंगाच्या डब्यांवर फळ्या टाकून बैठक बसली. मालकाशी बोलणं आटपून मिस्त्री मागाहून आले. बाटल्या फुटल्या, जुने किस्से निघाले, सगळ्यांचे डोळे लाल झाले. मिस्त्रींनीही दोन घेतल्या. मग त्यांनी आपला स्टीलचा ग्लास काठोकाठ भरला आणि टाकीपुढे धरला. "हं. घे."

"नाही, मिस्त्री."

वायरमन खो खो हसला. "काय रे, ऑपरेशन पोटाचं झालं की काळजाचं?"

टाकीचं डोकं फिरलं. तो उठून उभाच राहिला. "काळजाचं काय विचारतोस? ऐक मग. अर्धा ग्लास प्यायलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंडात ब्रश असताना, मला ती हवी झाली. भीक मागावी इतकी हवी झाली. मला या ग्लासाची भीती नाही. उद्याच्या सकाळची आहे. आता हसायचं तर हसा."

कोणी हसलं नाही. मिस्त्री ग्लास खाली ठेवून म्हणाले, "तुझं दुखणं कळतंय मला. पण रीत ती रीत. टोळीबरोबर न पिणारा टोळीचा कसा? मी माझ्या हाताने नाही मोडणार." आणि चावी त्यांनी सदऱ्याच्या आत सोडली.

दुसरा असता तर पाय आपटत निघून गेला असता. टाकीने पेल्यात पाणी ओतलं आणि खाली बसला. "चावी नका देऊ. पण मी इथून हलणार नाही. तुमच्याइतकाच मीही या टोळीचा आहे." आणि बसला खरंच शेवटपर्यंत. चिमणीएवढे घास चावून चावून खाल्ले, आणि विनोद झाला की सगळ्यांत मोठ्याने हसला. आतून जळत होता, पण हसला.

बैठक संपली. खाली जायला सगळे एकदम लिफ्टमध्ये घुसले. शेवटी मिस्त्रींनी पाऊल टाकलं आणि घंटी ठणाणा वाजायला लागली.

"टाकी, उतर!"

इतक्या वर्षांची सवय. टाकीचा एक पाय बाहेर पडलासुद्धा. मग त्याने तो मागे घेतला.

"नाही उतरत."

"अरे बाबा, घंटी वाजतेय!"

"वाजू दे! पाटीवर काय लिहिलंय? आठ माणसं. मग मोजा की. मलाही मोजा."

वायरमन बोट नाचवत मोजायला लागला. टाकीपाशी आल्यावर बोट थांबलं. "आयला," तो म्हणाला.

"सकाळी सात जणांत तू यंत्राला सांगितलंस की आठ झाले. मला दोन धरलंस. आणि मीही गाढवासारखा दोन म्हणालो."

मिस्त्रींची झिंग उतरली. "उद्या ही लिफ्ट लोकांच्या ताब्यात द्यायचीय. आत्ताच्या आत्ता नीट करायला हवी." वायरमनने हात पुढे केला. मिस्त्रींनी त्यावर फटका मारला. "प्यायलायस!" मग त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. सगळेच प्यायलेले, ते स्वतःही. शेवटी त्यांनी सदऱ्यातून चावी काढली. "घे टाकी. एवढं काम कर आणि परत दे."

टाकीने दोन्ही हात खिशात घातले. "परत मागायची असेल तर देऊच नका."

"टाकी!"

"मिस्त्री, नियम तुमचा आणि रीतही तुमचीच. त्यातलं काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मघाशी मला पाजून चावी दिली असती, तर आत्ता हे पॅनल उघडलं कोणी असतं?"

घंटी वाजतच होती. मिस्त्रींनी गळ्यातली दोरी काढायला घेतली. ती कानात अडकली, सुटेना, तेव्हा वायरमननेच सोडवून दिली. मिस्त्रींनी चावी टाकीच्या तळहातावर ठेवली. "नाही मागत परत."

टाकीने पॅनल उघडलं आणि घंटी बंद केली. "सरळ उभे राहा सगळे. नुसतं उभं राहायला शुद्ध लागत नाही. मिस्त्री, तुम्ही मोजा."

मिस्त्रींनी आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग वायरमन, मग बाकीचे. "पाच... सहा... सात..." बोट टाकीपाशी आलं. "आठ, नऊ..."

टाकी बटणावर बोट ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

"आठ," मिस्त्री म्हणाले.

टाकीने बटण दाबलं.